मनन वंदनाताईंच्याच नावानं

डोकं अजून तापलंय माझं, आधी हे ऐका. चारकोपच्या आमच्या चर्चच्या ग्रुपवर मी रोज छोटं मनन, म्हणजे श्रद्धेवर चार ओळी, लिहिते. परवा शेजारच्या वंदनाताईंवर लिहिलं. आईला चक्कर आली, तेव्हा कामावर दांडी मारून त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं होतं. लगेच ग्रुप चालवणाऱ्या गायकवाडकाकांचा फोन.

"पोरी, त्या बौद्ध ना? नाव बदल, मार्था कर."

"मार्था आली होती का दवाखान्यात?"

"अगं, मननात ख्रिस्ती माणूस नको?"

"काका, येशूच्या गोष्टीत जखमी माणसाला उचलणारा शोमरोनी परक्या पंथाचाच होता ना?"

काका म्हणाले, "तो येशू होता. तू फक्त ग्रुपमध्ये आहेस."

म्हटलं, आता तेही नाही. ग्रुप सोडला आणि तेच मनन सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, वंदनाताईंच्या नावासकट.