काचेच्या बशीतला एक थेंब

अतिदक्षता विभागाबाहेर एक शिंपी बायकोच्या रिपोर्टची वाट बघत बसला होता. शेजारी एक मावशी आणि एक तरुण मुलगी बोलत होत्या.

"कोण आहे गं आत?"

"धाकटा भाऊ. पायात खिळा घुसला, एवढासा. विष रक्तात भिनलं."

"औषधं चालू असतील ना?"

"होती नव्हती तेवढी देऊन झाली, मावशी. जंतू निर्ढावलेत, कशालाच जुमानत नाहीत."

"तू काय करतेस?"

"प्रयोगशाळेत बेडूक सांभाळते. त्यांच्या कातडीवरच्या चिकट पाण्यातून औषध शोधतोय आम्ही. भाऊ मला बेडकीण म्हणतो."

"बेडकापासून औषध?"

"गढूळ पाण्यात राहूनही त्यांची जखम सहसा चिघळत नाही. डॉक्टरांना विचारून भावाचे जंतू काचेच्या बशीत वाढवले, त्यावर एक थेंब टाकला. सकाळी सगळे मेलेले."

"अगं, मग दे ना त्याला!"

"ते रक्ताच्या पेशीही फोडतं. उंदीर दगावले. माणसाला देण्याजोगं व्हायला कितीतरी वर्षं लागतील."

"डॉक्टरांच्या हातापाया पडून बघ."

"पडले. नाही म्हणाले. त्यांच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं."

दार उघडलं. नर्सने मुलीला आत बोलावलं.

"मावशी, येता माझ्याबरोबर?"

मावशींनी पिशवी शिंप्याच्या मांडीवर ठेवली आणि तिचा हात धरला.

बऱ्याच वेळाने त्या एकट्याच बाहेर आल्या.

"द्या पिशवी. ती आईला फोन लावतेय. काय सांगू, म्हणून मलाच विचारत होती."