गंगारामचा अर्ज

वांकिडीचं घर कसं बांधलं, असं कोनी इचारलं की मी बोलनं बदलतो. आज सांगूनच टाकतो.

तवा मी तिथं शाळेत मास्तर होतो. घराचा पाया खोदला, तं चार ट्रॅक्टर मुरूम-गोटे निघाले. ट्रॅक्टरवाला म्हने, "सर, नाल्याजवळच्या खड्ड्यात टाकू का? पन तिथून गंगाराम कुंभार माती नेते." लांब न्याचा मले कंटाळा. म्हनलं, "टाक. मातीले काय तोटा आहे?"

उन्हाळ्यात नव्या घरासाठी माठ पाह्यजे होता. गंगारामकडं गेलो, तं त्याचं चाक बंद.

"काऊन बंद?"

"माती कुठं आहे, सर? कोनं तरी आमचा खड्डाच बुजवून टाकला. बरं झालं तुमी आले. मंडल ऑफिसात द्याले एक अर्ज लिवून द्या."

मी त्याच्या खाटेवर बसून लिवू लागलो. 'कोणी अज्ञात इसमाने' इथपर्यंत आलो आन् हात थांबला. सांगून टाकावं वाटलं, पन तसंच पुढं लिवत गेलो. अर्ज पुरा केला.

गंगारामनं अंगठा लावला. मंग घरातून उरलेला एक माठ आनून माह्या हातात देल्ला. "पैसे नका काढू, सर. तुमी आमचं काम केलं."

पुढं तो पाच कोसावरून बैलगाडीनं माती आनू लागला. माठातलं पानी लय थंड होते, असं बायको म्हने. मी उन्हाळाभर बाल्टीतलं कोमट पानी पेलो.