बोटभर जोड

नाही हो, बसा की, बाक सगळ्यांचं आहे — थांबा, बॅग खाली ठेवते. तशी ही जागा आमच्या ह्यांची, ते येतीलच एवढ्यात, पण तुम्ही बसलात म्हणून रागवायचे नाहीत. लहानपणापासून इथूनच मासे बघतात म्हणे. इथून बांध अगदी समोर येतो ना. तो काळपट पट्टा दिसतोय पाण्यात? पुलाची सावली नाही ती, मासे आहेत, सगळे सॅमन. प्रवाहाकडे तोंड करून नुसते थांबलेत. आता एखादा उडी मारेल बघा — मारली! दिसली? नाही ना? कॅमेरा डोळ्याला लावला की सगळ्यांचं हेच होतं.

समुद्रात वर्षानुवर्षं हिंडतात आणि वासावरून बरोबर आपल्याच नदीत येतात — तो काठावरचा भोंगा पाहुण्यांना रोज तेच सांगतो, माझं पाठ झालंय. माहेरी येतात म्हणा ना, बाळंतपणाला. गंमत म्हणजे नरही येतात. या नदीत सगळीच माहेरची मंडळी, सासरी नांदायची भानगडच नाही. हसताय? मीही पहिल्यांदा एकटीच हसले होते इथं. मग कळलं, अंडी घातली की मरतात.

मी? छे, इथली कुठली. शिकोकू बेटावरची, देशाच्या पार दुसऱ्या टोकाची. आमच्याकडे डोंगरउतारावर संत्र्यांचे मळे, आणि सॅमन म्हणजे दुकानातला गुलाबी तुकडा. त्याला डोकं असतं हे इथं येऊन बघितलं. यंदाच लग्न झालं, उन्हाळ्यात. हे तिकडे राजधानीजवळ, चिबाला असतात, उंच इमारतींत लिफ्ट बसवतात. हो, आत्ताही तिकडेच आहेत. ‘येतीलच एवढ्यात’ म्हणाले खरं मी — सवय लागलीय हो. इथं बसलं की कुणी ना कुणी विचारतं, एकट्याच का, आणि तोंडातून तेच निघतं. ‘मासे आले की मी आलोच’ असं तेच म्हणून गेले होते. मासे आले.

तर घरात आम्ही दोघी, सासूबाई आणि मी. मी अबोल — खरंच सांगते, आज तुमच्याशी काय झालंय मला कळत नाही — आणि त्या माझ्याहून अबोल. आमचा भाताचा कुकर भात झाला की गाणं वाजवतो, तेवढाच घरात आवाज. समोरच्या हामानोकाकू परवा दारातून ओरडल्या, ‘तोमे, सून मुकी आणलीस की काय गं?’ सासूबाई भाजी चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘तुझी बोलते तेवढं गल्लीला पुरे आहे.’ आता हे मला होतं की त्यांना, रात्रभर विचार केला, कळलं नाही. विचारायचं कसं? गुडघ्यांनी बेजार आहेत, उठताना भिंत धरतात, पण हात पुढे केला तर म्हणतात, ‘राहू दे.’ सगळ्यालाच ‘राहू दे.’ जेवण झालं की त्या आडव्या होतात आणि मी इकडे येते, पार अंधार पडेपर्यंत. रोजच.

वळचणींना टांगलेले मासे बघितलेत ना गावात? शेपटीला दोरी, डोकं खाली. गळ्याला बांधत नाहीत, फाशी दिल्यासारखं दिसतं म्हणून. आणि पोटं बघितलीत? सबंध फाडायचं नाही. वरून एक चीर, खालून एक चीर, मध्ये बोटभर कातडी तशीच जोडलेली ठेवायची. जुनं सामुरायांचं गाव, पोट फाडून घ्यायची शिक्षा सगळ्यांच्या घरांतून झालेली, तेव्हा माशाचंसुद्धा पोट पुरतं फाडणं अशुभ. इथल्या पोराटोरांना ठाऊक. मला कोण सांगणार? सासूबाईंनी पाटावर मासा ठेवला, सुरी दिली आणि मीठ आणायला गेल्या. नव्या सुनेचा पहिला मासा दारावर लागतो आमच्याकडे. मी म्हटलं, नीट करायचं हं — आणि गळ्यापासून शेपटीपर्यंत एका दमात सरळ चिरला, वहीत रेघ मारावी तसा. इतकी खूश होते! त्या मीठ घेऊन आल्या, बघितलं. मिठाचं भांडं खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, ‘राहू दे.’

पुढे मीठ मुरून, धुऊन, तो मासा दारावर लागला. वाऱ्यानं फिरला तेव्हा बघितलं — पोटाच्या मधोमध, बोटभर, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला. बारीक, सुबक टाके. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो. म्हणाल्या असत्या, ‘कुठली अडाणी पोरगी आणली’ — तर निदान बोलल्या असत्या. हे म्हणजे, गल्लीला दिसू नये म्हणून माझ्यावर झाकण. काल ह्यांचा फोन आला, काम लांबलंय, आता नववर्षालाच येतो. ‘आईशी जमतंय ना?’ म्हटलं, हो. ‘ती कमी बोलते, मनावर घेऊ नकोस,’ म्हणाले आणि ठेवला.

बॅग ना? हं. मासे बघायला कुणी बॅग घेऊन येत नाही, बरोबर आहे तुमचं. तीनची गाडी, तुमचीच. घरात सांगितलं नाही. ‘नदीवर जाते’ एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘मफलर घे.’

दाखवा ना फोटो, तोवर वेळ जाईल. हा देवळाचा रस्ता… ही सोयाबीन सॉसवाल्यांची वखार… हे — हे कुठं काढलंत? निळा पडदा, त्यावर बगळा. आमचंच दार आहे हे. आणि ह्या सासूबाई! स्टुलावर काय करतायत? काल दुपारी? दुपारी तर त्या झोपतात. काय म्हणालात? तुम्ही नुसत्या माशांचा फोटो मिळावा म्हणून थांबला होतात, आणि त्या सारख्या बाहेर येऊन तो एकच मासा वळवत होत्या, पोट भिंतीकडे करून? वारा आला की मासा फिरायचा, की ह्या पुन्हा स्टुलावर? आणि तुम्हाला वाटलं, ही सुकवायची पद्धत आहे? — नाही हो. अशी कसली पद्धत नाही. बांधून टाकता येत नाही तो, चारी अंगांनी वारा लागायला हवा. पण लाज वाटत असती तर परसात टांगता आला असता की. काढून भाजून खाल्ला असता आम्ही दोघींनी, कुणाला कळलं असतं? दारावरच ठेवला. आणि ते गुडघे घेऊन…

मोठा करा जरा फोटो. हात बघा त्यांचा. टाक्यांवरच ठेवलाय.

वारा सुटला, जाणवतंय? समुद्रावरचा आहे हा, आता दिवस मावळेपर्यंत थांबायचा नाही. तुम्ही निघा हो, गाडी चुकेल. पुलावरून सरळ, मग डावीकडे, स्टेशन दिसतंच. नाही, मी नाही येत. ती बॅग द्या इकडे — राहू द्या, उचलते मी. जा ना तुम्ही, माझ्याशी काय बोलत बसलात? मला मासा वळवायचाय.