उतारावरच्या गेमचं परीक्षण

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर एक बहीण आणि तिचा मोठा भाऊ बोलत होते.

"दादा, त्या स्केटबोर्डच्या गेमचं परीक्षण मी काही लिहिणार नाही."

"का गं? बाकीच्या समीक्षकांनी तर त्याला पार धुतलंय."

"सगळ्यांची तक्रार एकच आहे. गेमसोबत येणाऱ्या सेन्सरच्या फळीवर उभं राहून डावीकडे झुकलं, तरी पडद्यावरचा मुलगा भलतीकडेच वळतो."

"मग तू पण तेच लिही की."

"माझ्याकडे तो भलतीकडे वळत नाही ना. मी झुकायच्या आधीच बरोबर वळतो."

"सेन्सर बिघडला असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून फळीवरून खाली उतरले. तरी तो उतारावरून सुसाट निघाला. उजवा पाय पुढे, डावा हात पाठीशी."

"आपला धाकटा असाच उभा राहायचा."

"हो. टेकडीच्या रस्त्यावरून एकटाच खाली निघाला, त्या दिवसापर्यंत."

"पुरे. घरी गेल्यावर आधी ती फळी परत पाठव."

"पाठवणारच होते रे. पण सकाळी आईनं बघितलं."

"रडली?"

"नाही. टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, तू जा दवाखान्यात, मी आहे इथे. तो पडला तर या खेपेला जवळ कुणीतरी हवं."