लिंबाखालची दोन पाट्या माती

सन २०१८ चा आषाढ. लोहाऱ्याजवळच्या माझ्या मुरमाड माळावर मी तिसऱ्यांदा कडुनिंब लावत होतो. आधी दोनदा सगळी रोपं जळाली होती आणि गाव हसत होतं. मुळं मी दरवेळी बुरशीच्या औषधात बुडवून लावायचो.

शेजारच्या रानातली सखूबाई शेळ्या राखता राखता ओरडली, "अण्णा, औषध पाजून मारताव का लेकरं?"

"बुरशी लागती, म्हणून."

"समदी बुरशी वाईट नसती. बचत गटाच्या बैठकीत शेतीच्या सायबानं सांगितलं. एक बुरशी मुळाला धरून ऱ्हाती, लांबचं पानी आनून देती. माझ्या लिंबाखालची दोन पाट्या माती न्या. पर उसनी हाय."

"मातीचं कसलं उसनं?"

"माळ जगला तर द्या. न्हाय जगला तर मागनार न्हाय."

टोमणा लागला. औषध फेकलं आणि प्रत्येक खड्ड्यात मूठभर ती माती टाकली.

आज त्या माळावर सावली आहे. हसणारे तिथंच बसून भाकरी खातात.

मागच्या वर्षी सखूबाईचा लिंब रस्त्याच्या रुंदीकरणात तोडला गेला. तिनं पडीक रानात नवी रोपं लावायला काढली. मी माझ्या लिंबाखालची दोन पाट्या माती नेऊन तिच्या खड्ड्यांपाशी ओतली.

उसनं फिटलं.