पडण्याचं गणित

नाही हो सर, बसा ना, असे कसे जाता — अभय दूध आणायला खाली गेलाय, येईलच. तुमच्या वाशीच्या क्लासला फिजिक्सचा माणूस पाहिजे हे भाचीनं सांगितलं, म्हणून मीच बोलावलं तुम्हाला. त्याला ठाऊक नाही — कळलं की घर डोक्यावर घेईल, तेव्हा तुम्हीच समजवा. काय शोधतो म्हणता? मला कुठं कळतंय, पण ऐकून ऐकून पाठ झालंय — वस्तू खाली पडते, ग्रह फिरतात, त्याचं एक गणित. अणूच्या आतल्या बारीक जगाचं दुसरं. आपापल्या जागी दोन्ही बरोबर, पण एकत्र आणली की झालं — दोन जावा एका ओट्यावर! त्यांचा समेट करायचा, क्वांटम ग्रॅव्हिटी म्हणतात त्याला. मी म्हटलं, मग करून टाक ना बाबा! तर म्हणे, आई, उत्तर सापडलं तरी ते खरं की खोटं हे तपासणारं यंत्र माझ्या हयातीत होणार नाही. घ्या! सगळं तरुणपण डोंगर पोखरला, उंदीरसुद्धा नाही निघाला. परदेशातली नोकरी मुदतीची, ती संपली, आला परत. जयंतीला आमच्या बोनकोड्याच्या विहारात त्याला दरवर्षी स्टेजवर बसवायचे, पोरं सह्या घ्यायची — यंदा गेलाच नाही. पोरांना काय सांगू म्हणाला. दिवसभर आडवा पडून पंख्याकडे बघतो. खोलीची आतली कडी मी काढून घेतली, सुतार बोलावून — त्याला सांगितलं, गंजली होती — अहो, तसं काही नाही, तुम्ही टेन्शन नका घेऊ, शिकवतो फार छान. चहा टाकते, दूध आलं की.

आला बघा. अभय, हे क्लासवाले सर. ओरडू नकोस, आधी ऐकून घे — काय? सोमवारपासून येतो म्हणतोस? अरे, त्यांना बोलू तरी दे! पगार विचार, विचार करून सांगतो म्हण — माझ्यावर चीड ना रे, 'आई, तुला काही कळत नाही' म्हण! इतकी वर्षं सोड सोड म्हणत होते, ते तू खरंच सोडावंस म्हणून का?

पिशवी ठेवली, आत गेला. एका शब्दानं भांडला नाही हो.

सर, तुम्ही निघा आता. नाही, चहाचं राहू दे. निघा.