बंदुकीचं पार्सल

तुम्हाला खोटं वाटेल, पण कोपरच्या आमच्या मोठ्या काकांनी आजोबांची बंदूक पोस्टाने पाठवायला काढलेली. आजोबा गेले, म्हणून ती पोलिसांकडे जमा करायची होती. काकांचं एकच, "आपल्या घरातलं कोणी चौकीची पायरी चढणार नाही. गाव काय म्हणेल?"

बंदूक चादरीत गुंडाळून, वर गोणपाट शिवून तयार.

"पोरी, यावर चौकीचा पत्ता लिही. आत पडद्याचा दांडा आहे असं लिही."

"मी नाही लिहिणार. भरलेली असली तर?"

"रिकामीच आहे. मोठ्यांना शिकवू नकोस."

"रिकामी आहे ना? मग मांडीवर घेऊन बसा."

काका उठून थेट दारात जाऊन उभे राहिले.

"तुम्ही मांडीवर घेत नाही, ती पोस्टमनने पाठीवर का न्यायची?" म्हणत मी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

हवालदार आले. त्यांनी गोणपाट उसवलं, बंदूक उघडली आणि आतलं काडतूस काढून टेबलावर ठेवलं.

काका लगेच म्हणाले, "बघा साहेब, मी या पोरीला कधीपासून सांगतोय, पोस्टाने नको!"

मी खुर्ची ओढून समोर बसले. "साहेब, यांचं राहू द्या. जबाब माझा घ्या."